शून्य की रिकामा रकाना? संसदेतल्या एका उत्तराची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बोगद्यात नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून ठेवलाय. बोललो तसाच, फक्त खोकणं आणि "म्हणजे... म्हणजे" काढून टाकलंय.

आजची गोष्ट एका उत्तराची आहे. २० जुलै २०२१. राज्यसभा. खासदार के. सी. वेणुगोपाल यांनी विचारलं होतं की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी मोठ्या संख्येने लोक दवाखान्यांत आणि रस्त्यावर मेले का. आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं. सार असं, की आरोग्य हा राज्याचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, राज्यं आकडे नियमित पाठवतात, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेष करून कळवलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत फोनवर बातमी आली ती अशी: "ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही."

मी पुण्यात एका कंपनीत डेटाबेसचं काम करतो. ही बातमी वाचली तेव्हा ऑफिसचा कॉल म्यूटवर टाकून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कारण तीन महिन्यांपूर्वी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, माझा मामा गेला होता. ५२ वर्षांचा. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, खरड छाटणी चालू होती, मजूर मिळत नव्हते म्हणून स्वतः कात्री घेऊन उतरला होता. ताप आला, पाचव्या दिवशी धाप लागली, नाशिक जिल्ह्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात बेड मिळाला आणि तिसऱ्या पहाटे गेला. आणि ज्यांनी उत्तर दिलं त्या डॉ. पवार दिंडोरीच्याच खासदार होत्या. आमच्याच. मंत्री होऊन त्यांना तेरा दिवस झाले होते.

मला त्या दिवशी फक्त राग आला होता. तो काही कामाचा नव्हता. पण नंतर मी ते मूळ उत्तर शोधून वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की ते खोटं नाहीये. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. तेव्हापासून मला प्रश्न पडलाय की असं उत्तर तयार कसं होतं. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

"आरोग्य हा राज्याचा विषय आहे." संसदेतली आरोग्य खात्याची उत्तरं काढून बघा, सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा भेटेल की ते छापील कागदावरच आहे असं वाटावं. हे वाक्य आलं कुठून?

१९१९ चा कायदा. शाळेत "माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा" म्हणून पाठ केलेला. त्यात इंग्रजांनी प्रांतांच्या कारभाराचे दोन भाग केले. पोलीस, महसूल, अर्थ हे "राखीव" विषय गव्हर्नरच्या हातात. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, दवाखाने हे "सोपीव" विषय भारतीय मंत्र्यांकडे. वरवर बघितलं तर सत्ता दिली. पण तिजोरीची चावी राखीव भागातच राहिली. दवाखान्यात खाट नाही म्हणून लोक मंत्र्याला धरणार, आणि मंत्री पैशासाठी दुसऱ्याचं दार ठोठावणार. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूल तुमच्या नावावर, सर्व्हरचा अॅक्सेस मात्र दुसऱ्या टीमकडे.

१९३५ च्या कायद्यात हेच प्रांतिक सूचीत गेलं आणि १९५० ला आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीची ६ वी नोंद झालं: सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने. पण एक गंमत बघा. १९३५ मध्ये जन्म-मृत्यूची नोंद दवाखान्यांबरोबर प्रांतांकडेच होती. घटना लिहिताना ती तिथून उचलून समवर्ती सूचीत ठेवली, नोंद ३०. समवर्ती म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा अधिकार. म्हणजे दवाखाना चालवणं राज्याचं काम, पण त्या दवाखान्यात कोण मेलं हे मोजणं दोघांचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मध्ये एक माणूस येऊन गेला ज्याचं नाव आमच्या नाशिकमध्येही फारसं कोणाला माहीत नाही. सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, १८७८. शिक्षण पुण्यात बिशप्स स्कूल, डेक्कन कॉलेज, मग लंडन. आयसीएस झाले, व्हाइसरॉयच्या मंडळात रेल्वे-व्यापार सांभाळला. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सरकारने त्यांना सांगितलं की देशाच्या आरोग्याची पाहणी करा. १९४६ ला अहवाल आला, चार खंड. ज्याला आपण आज पीएचसी म्हणतो ते प्राथमिक आरोग्य केंद्र या अहवालातून आलंय. खिशात पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडू नयेत, हा त्याचा पाया. ४० हजार लोकांमागे एक केंद्र ही तातडीची योजना. आणि पुढच्या काळासाठी १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय! आजही तालुक्याच्या गावात बसून हे वाचलं तर हसू येईल.

तेव्हाची अवस्था काय होती? साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. ४३ हजार लोकांमागे एक नर्स. सरासरी आयुष्य २७ वर्षांच्या आसपास. म्हणजे मी ज्या वयाचा आहे त्या वयात मी "सरासरी"ने संपलेलो असतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी किती कच्च्या आहेत, यावरही त्या अहवालात बरंच लिहिलंय. आधी नीट मोजा, मग योजना करा, असा त्याचा सूर आहे.

मग स्वातंत्र्य आलं आणि आरोग्यमंत्री झाल्या राजकुमारी अमृत कौर. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, अनेक वर्षं गांधीजींच्या सचिव. १९४७ ते १९५७ अशी दहा वर्षं त्या या खात्यावर होत्या. राज्याच्या विषयात केंद्राने काय करायचं, हा पेच त्यांच्यापुढेही होता. पण दिल्लीच्या एम्सची कथा बघा. न्यूझीलंडने कोलंबो योजनेत दहा लाख पौंड दिले, १९५२ ला पायाभरणी झाली, आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये अमृत कौर यांनी लोकसभेत एम्सचं विधेयक मांडलं. घटनेत एक वाट होतीच: राष्ट्रीय महत्त्वाची वैज्ञानिक शिक्षणसंस्था म्हटलं की ती केंद्राच्या सूचीत येते. पुढे त्यांनी सिमल्याचं आपलं घरही एम्सला देऊन टाकलं, तिथल्या परिचारिकांना आणि कर्मचाऱ्यांना सुट्टीत राहता यावं म्हणून. १९५३ ची मलेरियाविरोधी मोहीमही अशीच, केंद्राच्या पुढाकाराने सगळ्या राज्यांत. थोडक्यात, केंद्राला एखादी गोष्ट करायची असली की राज्य सूची आडवी येत नाही. ती आडवी येते जबाबदारी विचारली की. हे माझं मत, तुम्ही वेगळं म्हणू शकता.

एप्रिल २०२१ मध्येही तेच झालं. तेव्हा कुठल्या राज्याला किती ऑक्सिजन मिळणार हे केंद्रच ठरवत होतं. पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस आठवते? १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. भरून परत येताना तीन नागपूरला उतरले आणि चार २४ तारखेला नाशिकला पोहोचले. आमच्या गावच्या ग्रुपवर त्या गाडीचे व्हिडिओ वरातीसारखे फिरत होते. ती गाडी यायच्या तीन दिवस आधी, २१ एप्रिलला, नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेल्याचं जाहीर झालं. डॉ. पवारांच्याच उत्तरात आकडा आहे: पहिल्या लाटेत देशाची ऑक्सिजनची सर्वोच्च मागणी ३,०९५ टन होती, दुसऱ्या लाटेत ती जवळपास ९,००० टनांवर गेली. म्हणजे टन मोजले. वाटले कसे, तेही मोजलं.

आता जरा संसदेत प्रश्न विचारतात कसा ते बघू, कारण शाळेत हे कोणी सांगत नाही.

प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला १८९२ च्या कायद्याने मिळाला. पण उत्तर आलं की गप्प बसायचं, उलट विचारायचं नाही. १९०९ ला उपप्रश्नाची मुभा मिळाली, पण ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. १९१९ नंतर कोणीही सदस्य उपप्रश्न विचारू शकला. आज खासदाराने साधारण पंधरा दिवस आधी प्रश्न द्यायचा. तारांकित प्रश्न असेल तर मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि वर उपप्रश्न येतात. अतारांकित असेल तर फक्त छापील कागद. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात, त्यातले चार-पाच तोंडी होतात तोवर तास संपतो. (तारांकितची यादी हिरव्या कागदावर छापतात, अतारांकितची पांढऱ्या. का ते विचारू नका.)

खरी मजा उपप्रश्नात असते. लेखी उत्तर खात्यातले अधिकारी तयार करतात, राज्यांकडून आलेली माहिती चिकटवतात, एकेक शब्द तपासतात. उपप्रश्न आला की मंत्र्याला त्या कागदाबाहेर यावं लागतं. "राज्यांनी कळवलं नाही" असं उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न उघड आहे: तुम्ही राज्यांना हे विचारलं होतं का? कुठल्या तारखेला? कुठल्या नमुन्यात?

सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात हा तासच नव्हता. कोविडमुळे रद्द. १९६२ च्या युद्धात आणि आणीबाणीत असं झालं होतं. फक्त लेखी उत्तरं. त्याच अधिवेशनात विचारलं गेलं की किती डॉक्टर-नर्स कोविडने मेले. तेव्हाचे आरोग्य राज्यमंत्री अश्विनीकुमार चौबे यांचं उत्तर: आरोग्य हा राज्याचा विषय, अशी माहिती केंद्र पातळीवर ठेवली जात नाही. विम्याचे दावे मात्र केंद्राच्या योजनेतले, त्यामुळे ते केंद्राकडे होते. इंडियन मेडिकल असोसिएशन चिडली आणि त्यांनी आपली यादी बाहेर काढली, ३८२ डॉक्टरांची. एका संघटनेला जमलं ते.

आता माझ्या कामाची गोष्ट. डेटाबेसमध्ये शून्य आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे त्या रकान्यात कोणी काही भरलंच नाही. नवीन पोरं कामाला लागली की पहिल्या महिन्यात हमखास ही चूक करतात: नलला शून्य धरून बेरीज करतात, आणि रिपोर्ट एकदम सुंदर दिसतो. मीही केलीय. माझ्या चुकीने फक्त एका दुकानाच्या साखळीचा स्टॉक चुकला होता.

राज्यसभेतलं ते उत्तर नल होतं. आपण सगळ्यांनी ते शून्य म्हणून वाचलं. आणि ते तसंच वाचलं जावं अशी सोय त्या वाक्यात आहे.

पण मग पुढचा प्रश्न: रकाना तरी होता का? मी तो फॉर्म काढून पाहिला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टरने नमुना ४ भरायचा. त्यात लगतचं कारण, त्यामागचं कारण, त्याच्याही मागचं कारण अशा ओळी आहेत. सूचना स्पष्ट आहे की आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, मरण कशा रीतीने आलं ते लिहू नका. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे, नाहीतर सगळ्यांच्या कागदावर "हृदय बंद पडले" एवढंच येईल. पण याचा अर्थ असा की कोविडचा न्यूमोनिया झालेल्या माणसाचा ऑक्सिजन पहाटे कमी पडला, तर कागदावर न्यूमोनियाच येणार. "पाइपमधला दाब कमी झाला" ही ओळ त्या फॉर्मवर कुठे बसतच नाही. शिवाय देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाचंच कारण डॉक्टरच्या सहीने प्रमाणित होतं. बाकीच्यांचं तर या फॉर्मपर्यंतही येत नाही.

त्यामुळे सगळ्या राज्यांचं उत्तर सारखं येणार, हे ठरलेलंच होतं. आपल्या राज्यात तेव्हा विरोधी आघाडीचं सरकार. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही हेच सांगितलं की महाराष्ट्रात ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झालेला नाही. झाकीर हुसेन? तो अपघात होता, तुटवडा नव्हे. शब्द बघा किती काळजीपूर्वक गाळणी लावतात. केंद्राने मग राज्यांना पत्र लिहून विचारलं. डिसेंबर २०२१ मध्ये आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी लोकसभेत सांगितलं की १९ राज्यांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या फक्त पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले. अख्ख्या देशातून चार.

गोव्याचा अपवाद मला लक्षात राहिलाय. ११ मे २०२१ ला तिथले आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी उघड सांगितलं की बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये पहाटे दोन ते सहा या वेळात २६ रुग्ण दगावले, आणि उच्च न्यायालयाने याची चौकशी करावी. त्यांचं आणि मुख्यमंत्र्यांचं पटत नव्हतं वगैरे राजकारण त्यात असेलही. पण "दोन ते सहा" ही वेळ एका मंत्र्याच्या तोंडून आली म्हणून ती नोंदली गेली. पहाटे दोन ते सहा. हे वाचून मी मामाची वेळ आठवली.

काही जण म्हणतात आरोग्य समवर्ती सूचीत आणा, म्हणजे केंद्राला पळवाट राहणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंह यांनीही हे सुचवलं होतं. मला ते फारसं पटत नाही. मृत्यूंची नोंद १९५० पासून समवर्ती सूचीतच आहे की! अधिकार दोघांना होता, म्हणून दोघांनीही विचारलं नाही. फॉर्मवर एक रकाना वाढवायला घटनादुरुस्ती लागत नाही.

मामाबद्दल थोडं सांगून थांबतो. त्याचा मृत्यूचा दाखला आला त्यावर कारणच नव्हतं. १९६९ च्या कायद्यातच आहे की दाखल्याच्या उताऱ्यावर कारण छापायचं नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत नातेवाइकांना द्यायची आहे, पण तेव्हा ते नव्हतं. ५० हजारांच्या मदतीसाठी मामीने अर्ज केला, तो आरटीपीसीआरच्या रिपोर्टवर मंजूर झाला. कारण कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी मामीला घेऊन त्या रुग्णालयात गेलो आणि केसपेपरच्या प्रतीसाठी अर्ज दिला. रेकॉर्डरूमचा माणूस भला होता. दोन तास धूळ उपसून त्याने गठ्ठा शोधला. नमुना ४ वर अपेक्षेप्रमाणे होतं: तीव्र श्वसनविकार, कोविड न्यूमोनिया. वेळ पहाटे ३.४०. मागे नर्सिंगचा कागद होता, दर तासाची नोंद. ऑक्सिजनची पातळी ८८, ८६, ८७. मग ३.१० ला निळ्या पेनने, घाईत, इंग्रजीत एक ओळ: ओ-टू प्रेशर लो, डॉक्टर इन्फॉर्म्ड. खाली सही. कोणाची ते वाचता येत नव्हतं.

म्हणजे नोंद होती. ज्या सिस्टरने तीस-चाळीस रुग्ण एकटीने बघत ती ओळ लिहिली, तिने आपलं काम केलं होतं. ती ओळ त्या कागदावरून पुढे कुठे गेली नाही, एवढंच.

मामीला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तिकडं दिल्लीला कोणी मागितलं होतं का रे?"

मी म्हटलं, "नाही मामी."

"मग याची झेरॉक्स काढून ठेव. दोन काढ."

समोरच्या दुकानात काढल्या. एक तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, एक माझ्याकडे.